रानजिऱ्याचा वास कुठवर

कमलाबाईबद्दल कोणालाही विचारा, तो पहिले तिच्या हातांबद्दल सांगेल. मी तिच्या नाकाबद्दल सांगणार आहे. हातांचं काय, हात आम्हा सगळ्याच बायांचे चालतात.

मी रिना. चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाकडच्या एका सरकारी धान संशोधन केंद्रात बायांच्या टोळीची मुकादम आहे. बारावी शिकले म्हणून लिहिताना मला-तुला लिहिते. तोंडात मात्र मले-तुलेच येते, आणि राग आला की तेही धड येत नाही. राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. पुढे कोणावर घसरले तर मनाला लावून घेऊ नका.

आमच्या केंद्राचं मोठं काम म्हणजे शुद्ध बियाणं. बांधीतला, म्हणजे भाताच्या खाचरातला, सगळा धान एकसारखा पाहिजे. एखादं झाड उंच दिसलं, एखादं बुटकं, एखाद्याची लोंब वेगळ्या रंगाची, की उपटायचं आणि बांधावर, आमच्या धुऱ्यावर, फेकायचं. याला आम्ही भेसळ काढणं म्हणतो. कमलाबाईनं अर्धं आयुष्य हेच केलं. नजर पुढे चालायची आणि हात आपोआप मागून. तोंडानं गप्पा, हसणं, माझी टिंगल सगळं चालू, आणि हातात भेसळीची जुडी तयार. ह्या हाताची आठवण ठेवा, पुढे त्यानंच घोळ घातला.

तिचं माहेर जांभुळझरी. आता ते गाव नाही. ताडोब्याच्या जंगलात होतं, पुनर्वसनात उठलं. लोकांना भद्रावतीकडे जमीन मिळाली, पक्की घरं मिळाली, लाईट मिळाली, पोरांना शाळा जवळ आली. वाईट झालं असं कोणी म्हणत नाही. पण मोहर्लीच्या गेटातून जिप्सीत बसून लोक वाघ पाहायला जातात ना, त्यांना जे उघडं गवताळ रान दिसतं, तिथे गवताखाली कमलाबाईच्या बापाच्या बांध्या आहेत. तिचा मोठा भाऊ रामाजी म्हणायचा, "आमच्या बांधीत आता वाघ लोळते, आन् लोक त्याले पाहाले पैसे देते. आमचा धान लोळे तवा कोनी पाहाले आलं नाई!"

तो धान म्हणजे रानजिरा. जिऱ्यासारखा बारीक दाणा, माणसाच्या खांद्याला लागणारी उंची. भारी धान, थंडी पडल्यावरच कापायला यायचा. जरा वारा सुटला की आडवा. पीक तर विचारूच नका, आमच्या केंद्रातल्या धानाच्या निम्मंही नाही. पण वास! मी तो धान जांभुळझरीत कधी खाल्ला नाही, पण कमलाबाईच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की मला पाठ झाला होता.

त्यांचा लहानपणीचा एक खेळ होता. माय चुलीवरून भाताचा गंज, म्हणजे पातेलं, उतरवायची. रामाजी गंजाजवळ उभा राहायचा आणि झाकण काढायचा. कमला अंगणातून मागे मागे जायची आणि ओरडायची, "येते!" गोठ्यापाशी, "येते!" मोहाच्या झाडापाशी, "येते!" जिथे वास संपेल तिथे उभं राहायचं. "रिना, आमचा वास नाल्यापर्यंत जाये बाप्पा," ती सांगायची. "नाल्याच्या पल्याड मात्र नाई. पल्याड गेली का मी खोटी ठरो, आन् दादा मले मारे."

गावात आणखी एक रीत होती. नवा धान निघाला की पहिलं सूप बहिणीच्या घरी जायचं. बहिणीकडे चूल पेटल्याशिवाय भावाच्या घरी नवं शिजायचं नाही. गाव उठलं तरी रामाजीनं रीत सोडली नाही. नव्या गावात सगळी काळी जमीन, कापसाची. तरी त्यानं बोडीखाली, तळ्याच्या पाण्यावर, एक तुकडा रानजिऱ्याला ठेवला होता आणि दर साली एसटीनं, चंद्रपूरला गाडी बदलून, सूपभर धान फडक्यात बांधून आणायचा. त्या संध्याकाळी कमलाबाईच्या गल्लीत चारचौघं उगाच रेंगाळायची. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू?

२०१८ सरता सरता केंद्रात प्रणितसाहेब आले. कोवळं पोरगं, चष्मा, बूट सदा चिखलात. ते जुने वासाचे धान गोळा करत फिरायचे. त्यांचं म्हणणं असं, की लोकांनी हे धान चवीसाठी नाही सोडले, उंचीसाठी आणि दिवसांसाठी सोडले. वास तसाच ठेवून झाड बुटकं केलं आणि थोडं हलकं केलं, म्हणजे लवकर पिकणारं, तर लोक पुन्हा लावतील.

"मंग कसं करता बुटकं?" मी विचारलं. "डोक्यावर गोटा ठेवता का?"

ते हसले. म्हणाले, बियाणं मुंबईला पाठवायचं. तिथे अणुसंशोधनवाले त्याच्यावर गॅमा किरण सोडतात.

"म्हनजे धानाचा एक्स-रे काढता!"

"तसंच समजा. फक्त जास्त जोरात." मग धुऱ्यावर बसून त्यांनी आम्हा बायांना समजावलं. बियाण्याच्या आत जीन असतात. एकाच्या हाती उंची, एकाच्या हाती पिकण्याची वेळ, एकाच्या हाती वास. किरण आत शिरून कोणत्या तरी जीनला धक्का देतात. कोणत्या, ते आधी कोणालाच ठाऊक नसतं. बहुतेक धक्के वाया जातात, झाड बिघडतं. पण हजारो झाडं लावली तर एखाद्यात असं होतं, की उंचीच्या जीनला धक्का बसलेला असतो आणि वासाला हातही लागलेला नसतो. तेच झाड शोधायचं. आणि असा धान खायला काही धोका नाही. पायाचा एक्स-रे काढला म्हणून माणूस रात्री चमकत नाही.

त्याच आठवड्यात रामाजी सूप घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी कमलाबाईनं ते फडकं जसंच्या तसं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

मी खवळले. "अवो बाई, एक घास तं शिजवाचा होता!"

"खाल्लं का संपते," ती म्हणाली. "मले हे नाल्यापर्यंत पाह्यजे. पुन्हा एकदा. बस."

पुढे असं झालं, की अवकाळी पाऊस आला आणि रामाजीच्या घरातली धान ठेवायची ढोली गळक्या कोपऱ्यात होती. बियाण्याला मोड आले, सगळं कुजलं. मृगाच्या तोंडावर तो बहिणीकडे आला, सुपातलं मूठभर परत मागायला. धान मुंबईला जाऊन किरण खाऊन आला होता. साहेबांनी न पाठवलेलं थोडं थंड खोलीत ठेवलं होतं, त्यातलं अर्धं त्यांनी लगेच काढून दिलं. कमलाबाई ते ओंजळीत घेऊन भावापुढे उभी राहिली.

"हे अनूच्या भट्टीतलं नाई कशावरून?" रामाजीनं विचारलं.

"नाई दादा, साहेब म्हनते..."

"साहेब म्हनते! गाव सोडून आलो तं एवढंच संग आनलं होतं मी. तू बाबाचा धान भट्टीत घातला, कमला. बहिनीचं सूप म्हनून देल्लं होतं तुले, जाळाले नाई."

त्यानं ते दाणे उंबऱ्यावर ठेवले आणि चहा न घेता निघून गेला. त्यानंतर सूप बंद, बोलणं बंद. कमलाबाईच्या नातवाच्या नामकरणालाही आला नाही. मला तर त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला होता! ती मात्र म्हणायची, "त्याचं खरं आहे गं. माह्यापाशी साहेब तरी आहे, त्याच्यापाशी काय राह्यलं?"

पहिल्या साली किरणांचा धान उगवला तोच रोगट. अर्धं बी उगवलंच नाही, जे उगवलं त्यातल्या कितीतरी लोंबी पोचट. तरी साहेबांनी एकेका झाडाची एकेक लोंब वेगळी ठेवली. दुसऱ्या साली, म्हणजे लॉकडाऊनच्या साली, एका लोंबीची एक ओळ अशी बांधी भरली. खरा तमाशा त्या साली. रोपांसाठी पऱ्हे टाकले तर हिरव्यांत मधेमधे दुधासारखी पांढरी रोपं. कमलाबाई घाबरली.

"साहेब, हे लेकरं पांढरे काऊन?"

"यांच्या हिरव्या रंगाच्या जीनला धक्का बसला. ऊन असून यांना अन्न बनवता येत नाही. ही जगणार नाहीत, बाई."

तरी ती रोज त्यांच्याकडे पाहायची. मेली ती सगळी. तिला फार लागलं. "माह्याच धानाचे होते ना," म्हणाली. मी तिला चिडवलं, की आता काय रोपांचंही सुतक पाळते का? पण त्या दिवशी ती हसली नाही.

आणि मग तिच्या हातानं घोळ घातला. धान पोटरीवर आला होता, लोंब अजून बाहेर यायची होती. साहेबांनी आम्हाला दहादा बजावलं होतं, "बायांनो, ह्या बांधीत भेसळ काढायची नाही. वेगळं दिसेल तेच आपल्याला हवं आहे. फक्त निंदण करा." आम्ही निंदत होतो. टोळीतली चंदा तिच्या जावेची काही भानगड सांगत होती, आम्ही सगळ्या हसत होतो, आणि कमलाबाई एकदम थांबली. तिच्या हातात एक बुटकं झाड होतं. मुळासकट. चिखल गळत होता.

उंच उंच धानात ते एकटंच कमरेएवढं होतं. वीस वर्षांची सवय. नजरेनं पाहिलं आणि हातानं उपटलं, मधे तिला कोणी विचारलंच नाही.

"माय वो!" एवढंच बोलली ती. मग खाली बसली, दोन्ही हातांनी भोक केलं, झाड परत आत रोवलं आणि भोवतीचा चिखल दाबला. पानं सगळी खाली लोंबली. तिनं स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं. ते धावत आले, डोक्याला हात लावला, पण ओरडले नाहीत. चार काड्या रोवून आधार दिला. त्या दिवसापासून कमलाबाई सकाळी हजेरीच्या आधी तिथे आणि सुट्टीनंतरही तिथे. पाणी ओसरलं की डबक्यातून ओंजळीनं आणायची. बाया म्हणायच्या, "कमलाबाईचं पोरगं दवाखान्यात आहे." मीच पहिली म्हणाले होते.

झाड जगलं. इतरांच्या मागून निसवलं खरं, पण निसवलं, लोंब बाहेर आली. एका सकाळी दव होतं, फुलोरा आला होता. कमलाबाई वाकली, लोंबीला नाक लावलं आणि तशीच राहिली. मला वाटलं कंबर धरली.

"रिना," वाकूनच म्हणाली, "हाच आहे."

मीही हुंगलं. होता वास. कोवळा, गोड, जरा धुरकट. साहेबांनी पान कातरून बाटलीत टाकलं, त्यात काही औषध घातलं, थोड्या वेळानं झाकण काढून हुंगलं आणि मान हलवली. वास शाबूत, उंची निम्मी. एवढ्या हजारांत एक, आणि तेही आमच्या बाईनं उपटून पुन्हा लावलेलं! त्या वर्षी कमलाबाई दिवसभर गुणगुणत असायची. म्हणायची, "शिजवाजोगा झाला का पहिला गंज दादाच्या समोर उघडीन. मंग पाहू कसा बोलत नाई तं."

पुढच्या उन्हाळ्यात कोरोना आला तो घराघरांत शिरला. कमलाबाईला चंद्रपूरला ठेवलं होतं, ऑक्सिजनवर. तिचा पोरगा अश्वजित बाहेर फुटपाथवर झोपायचा. वाचली बाई. घरी आली, वाळलेली, पण वाचली. रामाजी आला नाही. त्याला कोणी कळवलं होतं की नव्हतं, देव जाणे. त्या दिवसांत कोण कोणाला कळवत होतं?

महिन्याभरानं मी तिच्याकडे गेले तर गल्लीच्या तोंडाशीच जळकट वास. आत धूर. चुलीवर भात करपून कोळसा झालेला आणि कमलाबाई शेजारीच बसून लसूण सोलत होती.

"बाई, भात जळून राह्यला!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग गंजाकडे. मग हातातला लसूण नाकाला लावला, चिरडला, पुन्हा लावला. "येईन," म्हणाली. "डाक्टर म्हनते, येते हळूहळू."

नाही आला. लोकांचा दोन महिन्यांत आला, चंदाचा सहा महिन्यांत. कमलाबाई रोज सकाळी लवंग, कांदा, अगरबत्ती हुंगायची. साल गेलं. दुसरं गेलं. मला बजावून ठेवलं, कोणाला सांगायचं नाही. निसवलेल्या धानात साहेब बायांना हुंगायला बोलवायचे तेव्हा ती म्हणायची, आज गुडघा दुखते, मी पाण्याकडे पाहते. मी मधे बोलून वेळ मारून न्यायचे.

तिकडे झाडाचं घराणं वाढत होतं. एकाची ओळ झाली, ओळीचा वाफा झाला. साहेबांनी त्या बुटक्याचं मूळच्या उंच रानजिऱ्याशी लग्न लावलं, लग्नच म्हणायचो आम्ही. पहिली पिढी सगळी उंच. नातवंडांत मात्र चारांमागे एक बुटका. साहेब खूश. म्हणाले, म्हणजे ही उंचीची गोष्ट एकाच जीनची आहे, आता तो नेमका कुठे बसतो तेही शोधता येईल. कमलाबाई वाफ्याच्या धुऱ्यावर बसून राहायची. वारा आला की बाकीच्या बाया आपोआप तिकडे तोंड करायच्या. तीही करायची. मला ते पाहवत नसे.

"इतका का जीव जाळते?" मी एकदा म्हटलं. "धान तं आला ना परत."

"धान आला," ती म्हणाली. "मी कुठी आली?"

मग गेल्या डिसेंबरात साहेबांनी सांगितलं, यंदा शिजवून पाहू. तीन गंज. एक आपला नेहमीचा जाडा धान, एक जुना उंच रानजिरा, एक नवा बुटका. खाणाऱ्याला सांगायचं नाही कोणता कोणता. वास आहे हे बाटलीतून कळतं, पण तोच वास आहे का, हे ज्यानं जन्मभर खाल्लं तोच सांगेल. "कमलाबाई, पहिला मान तुमचा."

ती काळीठिक्कर पडली. संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसली. "मी काय सांगू तिथी? खोटं सांगितलं आन् धान दुसराच निंगाला तं? जांभुळझरीचं नाव लागीन त्याले." मग म्हणाली, "दादालेच आनलं पाह्यजे. पन माह्या नाकाचं त्याले सांगाचं नाई. कीव करून आलेला भाऊ नको मले."

गेले मी. भद्रावतीच्या पुढे उतरून ऊन डोक्यावर घेत चालत गेले. रामाजीभाऊ दारात काठी घेऊन बसलेले, पार थकलेले. जय भीम घातला, पाणी प्यायले आणि विषय काढला.

"भट्टीतला धान माह्या तोंडात घालू नको, बाई," ते म्हणाले. "तो रानजिरा नाईच."

माझा पारा चढला. "न खाता कसं कळलं, भाऊ? इथी बसून नाक लावता काय? एवढेच खरे असान तं चला आन् सगळ्यांच्या समोर सांगा, का हा नाई म्हनून. नाई तं मी मूलपर्यंत सांगत जाईन, रामाजीभाऊले आपल्या बापाचा धान ओळखू येत नाई!"

म्हातारा उठून उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आला, कपाळाला आठ्या घालून.

केंद्राच्या मागच्या पडवीत चुली मांडल्या होत्या. प्रयोगशाळेतली निशात, मूलची पोरगी, भारी टापटिपीची, तिनंच शिजवलं आणि तीन वाट्या झाकून पुढे ठेवल्या. रामाजीभाऊ पाटावर बसले. बहिणीकडे पाहिलं नाही. ती खांबाला टेकून उभी होती.

पहिली वाटी उघडली. "हे रेशनचं," म्हणून बाजूला सारली.

दुसरी उघडली, आणि त्यांचा हात तिथेच राहिला. एक शीत उचललं, चिमटीत दाबलं, तोंडात टाकलं. मग तिसरी उघडली. वाकले. पुन्हा दुसरी. पुन्हा तिसरी. मान वर केली तर डोळे लाल.

"काऊन फसवता म्हाताऱ्याले?" ते ओरडले. "दोन्हीत एकच घातलं ना! दोन्ही जांभुळझरीचेच आहेत!"

प्रणितसाहेबांनी चष्मा काढला. "नाही, बाबा. एक तुमचा जुना. एक हा नवा, किरणांचा. कोणता कोणता ते फक्त निशातला माहीत आहे."

निशातनं मान डोलावली. रामाजीभाऊंनी दोन्ही वाट्या जवळ ओढल्या. मग इतक्या सालांनी त्यांनी नाव घेतलं, "कमला. ये इकडे. बस. तुले कोनता वाटते जुना?"

ती येऊन बसली. वाटी उचलली, नाकाशी नेली, आणि खाली ठेवली. मी दात आवळून उभी होते.

"मले नाई येत, दादा."

"काय नाई येत?"

"वास. कशाचाच. कोरोनात गेला, मंग आलाच नाई." आणि ती रडली. दवाखान्यातही रडली नव्हती ती बाई. "मी याले पुन्हा नाल्यापर्यंत पाहाले देल्लं होतं रे. तो आला. आन् मीच..."

साहेब तोंड फिरवून उभे राहिले. रामाजीभाऊंनी हात पुढे केला, मागे घेतला. मग काठी टेकत उठले. मला वाटलं, निघाले. पुन्हा निघून चालले, मेले! मी अडवायला पुढे झाले, तर ते निशातला म्हणाले, "बाई, त्या नव्या धानाचा गंज आन इकडे. कमलाजवळ ठेव. झाकन तिच्या हाती दे."

निशातनं ठेवला. "काढ झाकन," ते म्हणाले.

कमलाबाईनं काढलं. वाफ तिच्या तोंडावर आली. रामाजीभाऊ पडवीच्या पायऱ्या उतरले, तोंड आमच्याकडे करून, आणि एक एक पाऊल मागे जायला लागले.

"येते!" ते म्हणाले.

कमलाबाईनं डोळे पुसले.

ट्रॅक्टरच्या शेडपाशी थांबले. "येते, कमला!"

धुऱ्यावर चढले, काठी सावरत. "येते!" वाफ्याच्या पल्याड गेले, जिथे त्या बुटक्या धानाची ताटं कापून पडली होती. "इथीही येते!" आवाज लहान होत गेला. पुढे केंद्राचं फाटक. फाटकातून बाहेर, पार डांबरी रस्त्यावर. मी त्यांच्या मागोमाग शेडपर्यंत आले होते, आणि खरं सांगते, मला तिथेच डिझेलशिवाय काही येत नव्हतं.

"येते!" रस्त्यावरून आवाज आला.

कमलाबाईच्या तोंडात भाताचा घास होता. डोळे वाहत होते आणि ती हसायला लागली. हाताचा आडोसा करून जोरात ओरडली, "खोटं बोलते! तिथवर तं मायच्या गंजाचाही जात नव्हता!"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो गेल्यावर म्हाताऱ्याचा आवाज आला, फाटका, पण स्पष्ट.

"तवा जात नव्हता! आता जाते!"